लपवण्यासारखं काय आहे, असं विचारणाऱ्यांना

घाटकोपर, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंत आपले कार्यकर्ते जातीचे दाखले, ॲट्रॉसिटीच्या फिर्यादी, वकिलांची टिपणं बिनधास्त ईमेलने पाठवतात. कुणाचं खातं इंटरनेट कंपनीने कनेक्शनसोबत दिलेलं, कुणाचं फुकटचं. सावध राहा म्हटलं की उत्तर ठरलेलं: "आपल्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?"

मित्रांनो, फिर्यादी बाईचं नाव, साक्षीदाराचा फोन नंबर, आंतरजातीय लग्न केलेल्या जोडप्याचा पत्ता ही आपली मालमत्ता नाही. लोकांनी ती विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. ती वाऱ्यावर सोडायचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

ईमेल कंपनीच्या सर्व्हरवर पडून राहतो. खातं ज्याच्या हाती, त्याच्या हाती वर्षानुवर्षांचा गठ्ठा. भीमा कोरेगाव प्रकरण आठवा. ६ जून २०१८ रोजी सुधीर ढवळे, सुरेंद्र गडलिंग, रोना विल्सन यांच्यासह पाच जणांना अटक झाली. विल्सन यांच्या संगणकात २०१६ मध्ये शिरकाव झाला तो वरवरा राव यांच्या खात्यावरून आलेल्या ईमेलमधून आणि पुढे त्यात पत्रं घुसडली गेली, असा अहवाल अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने २०२१ मध्ये दिला. तपास यंत्रणेने तो मानला नाही. २०२२ मध्ये सेंटिनेलवनच्या संशोधकांनी सांगितलं की विल्सन, राव आणि हनी बाबू यांच्या खात्यांना पुणे पोलिसांतल्या एका अधिकाऱ्याशी संबंधित रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर जोडले गेले होते. ढवळे आणि विल्सन यांना जामीन मिळाला जानेवारी २०२५ मध्ये. साडेसहा वर्षं तुरुंगात!

खासगीपणा मूलभूत हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ सरकारला आपला पत्रव्यवहार तपासायची मुभा देतं. नुसत्या निकालाच्या भरवशावर बसून चालणार नाही.

'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब रडत बसले नाहीत, पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. आपणही निदान एवढं करूया: खात्याला जोडलेले रिकव्हरी नंबर आजच तपासा. दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. जुनी पत्रं स्वतःच्या डिस्कवर उतरवून सर्व्हरवरून काढा. संघटनेचं स्वतःचं डोमेन घ्या, म्हणजे कंपनी बदलली तरी पत्ता आपलाच राहील. पीडितांची कागदपत्रं एन्क्रिप्ट केल्याशिवाय पाठवू नका.

संघटित व्हायचं तर आधी आपल्या माणसांची ठेव सांभाळायला शिका.

जय भीम!