जिल्ह्याचं नाव आणि टेम्प्लेट

मंडळी, आमच्या उमरग्याच्या जिल्ह्याचं नाव २०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. आता समजा, एका कॉलेजची जँगोवर तीन ॲप्लिकेशन्स आहेत: प्रवेश, फी आणि ग्रंथालय. हेडर तिन्हीकडे कॉपी-पेस्ट केलेलं असेल तर नाव तीन ठिकाणी बदला. त्यात एखादं राहतंच!

माझं मत सरळ आहे. मूळ टेम्प्लेट, हेडर, फूटर यांचं वेगळं पायथन पॅकेज करा, त्याला व्हर्जन नंबर द्या आणि तिन्हीकडे पिपने टाका. एखाद्याला वेगळं हेडर हवंच असेल, तर सेटिंग्जमध्ये नोंदवलेल्या टेम्प्लेट फोल्डरात त्याच नावाची फाइल ठेवावी. जँगो आधी तिथेच बघतं.

पण दिसायला सारखं म्हणून सगळंच एकत्र करू नका राव. फीची आणि ग्रंथालयाच्या दंडाची पावती आज जुळ्या वाटतात. उद्या नियम वेगळे झाले की एकाच फाइलमध्ये 'इफ'ची जत्रा भरते. जे एकाच कारणाने बदलतं, तेवढंच सामायिक.

आणि हो, २०१९ च्या पावतीवर उस्मानाबादच राहिलं पाहिजे. ते नाव टेम्प्लेटचं नाही, नोंदीचं आहे.

पटतंय का?