खून गोदामातच कशाला?

शेवटची वीस मिनिटं आली की रहस्यपटाला गोदाम लागतं. नायिका खुर्चीला बांधलेली, वर एक पिवळा बल्ब हलतोय, कडेला पत्र्याची पिंपं आणि बाहेर चिटपाखरू नाही. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, पुढं एकेक गिरणी बंद पडत गेली आणि सिनेमावाल्यांना अड्ड्यांची ददात उरली नाही. कुलाब्याची मुकेश मिल त्याच वर्षी आगीनंतर बंद झाली, ती पुढं शूटिंगसाठीच ओळखली गेली. आम्हा घोडपदेवकरांना हा ओसाडपणा पडद्यावरच बघायला मिळतो. रे रोडवरून दारूखान्यात शिरून बघा. पत्रे कापणारे, ट्रक मागे घेताना ओरडणारे क्लीनर, चहाची किटली नाचवत जाणारा पोऱ्या. एखाद्याला गुपचूप बांधून ठेवायला तिथं मोकळा कोपरा मिळेल तर शपथ.

या विषयात बोलायचा मला थोडा अधिकार आहे. डी. पी. वाडीजवळ माझी छोटी लायब्ररी होती. भाड्यानं सगळ्यात जास्त जायचे ते बाबूराव अर्नाळकर. त्यांच्या रहस्यकथा हजाराच्या वर. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही मंडळी गिरणीतल्या लोकांना घरच्यासारखी. आमच्या मेंबरांत एक महाभाग होता. पुस्तक परत करताना तो पहिल्या पानावर पेन्सिलीनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचा. मी खोडरबर घेऊन बसायचो. पण मजा अशी, की नाव वाचूनही लोक ते पुस्तक न्यायचे आणि दुसऱ्या दिवशी पुढचा भाग मागायला हजर!

खुनी कोण, हा प्रश्न रहस्यपटवाल्यांनी उगाच डोक्यावर चढवून ठेवलाय. हिचकॉकनं हे कधीच सांगून ठेवलं होतं. टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे त्याला आधीच ठाऊक असेल, तर वर चाललेल्या साध्या गप्पांनीही त्याचा जीव टांगणीला लागतो. त्याचा १९५४ चा ‘रिअर विंडो’ तर सरळसरळ चाळीचाच सिनेमा. पाय मोडून घरात बसलेला फोटोग्राफर समोरच्यांच्या खिडक्यांतून डोकावत बसतो आणि एका घरातली बायको दिसेनाशी झाल्याचं त्याच्या लक्षात येतं. आमच्याकडे त्याला दुर्बीण लागली नसती. सकाळी नळावर ती बाई दिसली नाही तर दहाच्या आत चार जणींनी दार वाजवलं असतं.

आणि थरार तिथंच आहे. कल्पना करा, एक माणूस रात्री जड पेटी घेऊन चाळीचा जिना चढतोय. पेटीत काय आहे ते आपल्याला माहीत आहे. जिन्याखाली कॅरम चाललाय. पहिल्या मजल्यावरची मावशी विचारते, “गावाहून आलास का रे?” दुसऱ्या मजल्यावर कुणीतरी म्हणतं, “भाऊ, जड दिसतंय, एक बाजू मी धरतो,” आणि धरतोच. आता नाही म्हणायचं कसं? वीज घालवायला नको, पाऊस पाडायला नको, टेलिफोनची वायरही कापायला नको.

मराठी मातीतल्यांना हे कळत नव्हतं असं नाही. राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’मध्ये (१९६४) मेली म्हणून जिचा शोक केला तीच बायको आरोपी म्हणून पुढ्यात उभी राहते, आणि तो पेच रंगतो भरल्या कोर्टात. त्यावरूनच हिंदीत ‘मेरा साया’ आला. वाडा, अंधार आणि भुताची भीती हा साचा ‘हा खेळ सावल्यांचा’ला (१९७६) शोभला, कारण गोष्टच तशी होती. साचा तेवढा उचलून गोरेगावच्या फ्लॅटमध्ये आणून टाकला की हसू येतं.

‘सत्या’तला (१९९८) भाऊ ठाकुरदासचा खून गणपती विसर्जनाच्या गर्दीत होतो; एकान्तातल्या पन्नास खुनांपेक्षा तो अंगावर येतो. पण माझ्या लेखी खरा धडा ‘दृश्यम’चा. गोष्ट मूळची मल्याळममधली, २०१३ ची. हिंदी केला तो मराठी दिग्दर्शकानं, निशिकांत कामतनं, २०१५ मध्ये. खून कुणाच्या हातून झाला हे अर्ध्या सिनेमाआधीच आपल्याला दिसतं. पुढं गोव्यातला एक केबलवाला पणजीतल्या लोकांच्या आठवणीच बदलून टाकतो. बसचा कंडक्टर, हॉटेलवाला, थिएटरातला माणूस, सगळे अगदी प्रामाणिकपणे चुकीची तारीख सांगतात. गर्दी इथं साक्षीदारही आहे आणि आडोसाही. असा सिनेमा गोदामात होणं शक्य नाही.

आमच्याकडे आता न्यू हिंद मिलच्या जागेवर म्हाडाचे टॉवर आहेत, गिरणी कामगारांची घरं. दारं बंद असतात, लिफ्टमध्ये माणसं मोबाइलकडे बघतात. नव्या दिग्दर्शकांना माझी विनंती एवढीच, की टॉवरमागं ज्या चाळी अजून शिल्लक आहेत, त्यांच्या जिन्यावर एक संध्याकाळ येऊन बसा. कोण, कुठले, कुणाकडे आलात, याची उलटतपासणी पहिल्या पाच मिनिटांत होईल. तिला खोटी उत्तरं द्यायचा प्रयत्न करा आणि मग पटकथा लिहायला घ्या.