ट्रकचा टायर ‘धडाम’ बसतो, पण रील तिथेच का संपतं?

हे रील तुमच्याही फीडवर येऊन गेलं असेल. जमिनीवर आडवा पडलेला ट्रकचा टायर. एक जण छोट्या गॅस सिलिंडरसारखी टाकी उचलतो, तिचं नळकांडं टायर आणि डिस्कच्या फटीत धरतो आणि खटका ओढतो. धडाम! टायर जागेवर बसतो, व्हिडिओ संपतो. खाली कमेंट ठरलेली: "भाऊ, लिंक द्या."

लिंक मिळतेही. ‘बीड ब्लास्टर’ किंवा ‘बीड सीटर’ असं सर्च केलं की ऑनलाइन दुकानांत रांग लागते. (बीड म्हणजे इथे आपला जिल्हा नव्हे. टायरच्या आतल्या गोल कडेत पोलादी तारांचं जाड कडं असतं, ते बीड. हीच कड डिस्कला घट्ट धरते.) एक-दोन ट्रक असलेले मालक, ड्रायव्हर, हायवेवरचे नवे पंक्चरवाले, सगळ्यांनाच आता वाटतं की हे काम आपलं आपण करता येईल. टूल खरोखर कामाचं आहे. पण रील जिथे संपतं, तिथून पुढची काही मिनिटं सगळ्यात धोक्याची असतात.

आधी हे आत्ताच का वाढलं ते बघू. आपल्याकडे ट्रकला वर्षानुवर्षं ट्यूबवाले टायर होते. हवा ट्यूब धरून ठेवायची, त्यामुळे टायर डिस्कला हवाबंद चिकटलाय की नाही हा प्रश्नच नव्हता. टॉमी, घण आणि अंगात ताकद असली की झालं. आता नव्या ट्रक-बसना २९५/८० आर २२.५ सारखे ट्यूबलेस रेडियल मोठ्या प्रमाणात दिसतात. (ट्रकच्या टायरवर शेवटचा आकडा १७.५, १९.५, २२.५ असा अर्धा इंच दाखवत असेल तर तो ट्यूबलेस समजा.) यात ट्यूब नाही, म्हणजे कड बसल्याशिवाय हवा राहत नाही आणि हवा राहिल्याशिवाय कड बसत नाही. एकमेकांवर अडकलेल्या दोन प्रोसेससारखं, अगदी डेडलॉक!

मग साध्या कंप्रेसरने का होत नाही? त्याच्याकडे दाब असतो, पण पातळ होजमधून एका सेकंदात येणारी हवा फार थोडी. जेवढी आत जाते तेवढी फटीतून बाहेर. बाथरूमच्या फ्लशचं बघा. नळ तोच, पाणी तेच, पण बारीक धारेने कमोड साफ होत नाही. टाकी भरून एकदम सोडावी लागते. बीड ब्लास्टर म्हणजे हवेचा फ्लश. साधारण १९-२० लिटरची टाकी कंप्रेसरने भरायची आणि मोठा व्हॉल्व्ह झटक्यात उघडायचा. हवेचा लोंढा कडेला बाहेर ढकलतो, फट बंद होते आणि पुढची हवा वाया न जाता टायरमध्ये साठते. कडेला आधी साबणाचं पाणी किंवा टायर पेस्ट लावायची. ग्रीस लावू नका, त्याने रबर खराब होतं. आणि नळकांडं धरताना बोटं फटीपासून लांब.

याचा गावठी भाऊ म्हणजे पेट्रोल किंवा स्प्रे मारून काडी लावणं. तेही रील हिट जातं. तिथे दाब किती होईल यावर कुणाचाच ताबा नसतो, आतलं रबर भाजतं आणि न जळलेली वाफ टायरमध्ये उरली तर पुढच्या ठिणगीला पुन्हा स्फोट होऊ शकतो. त्यापेक्षा ब्लास्टर शंभर पटीने बरा.

आता खरा मुद्दा. कड बसली तेव्हा टायरमध्ये दाब अगदी थोडा असतो. ट्रकला लागतो १०० ते १२० पीएसआय. मी साधं गणित करून पाहिलं. २९५/८० आर २२.५ टायरचा बाहेरचा व्यास सुमारे ४१ इंच, आतला २२.५. म्हणजे एका साइडवॉलचं क्षेत्रफळ सुमारे ९२० चौरस इंच. २० पीएसआयला तिच्यावर जोर येतो साधारण ८ टन. १०० पीएसआयला जवळपास ४२ टन. दोन चाकी जोड्यांच्या ट्रकची, मालासकट, कायदेशीर मर्यादा २०१८ पासून १८.५ टन आहे. असे दोन भरलेले ट्रक एका साइडवॉलवर! मी कागदावर दोनदा तपासलं.

टायर धडधाकट असेल तर तो हे सहन करतो, त्याचसाठी बनवलाय. पण तो आधी कमी हवेवर, ओव्हरलोड होऊन पळाला असेल तर साइडवॉलमधल्या पोलादी तारा वाकून वाकून आतून थकलेल्या असतात. वरून काही दिसेलच असं नाही. पंक्चर काढून हवा भरताना एक तार तुटते, तिचा भार शेजारच्या तारेवर जातो, तीही तुटते, आणि जॅकेटची चेन उघडावी तसा साइडवॉल उसवतो. याला ‘झिपर’ फुटणं म्हणतात. स्फोट बाजूला होतो, म्हणजे जो माणूस समोर उकिडवा बसून व्हॉल्व्हवर हवा धरतोय, नेमका त्याच्याकडे. जुन्या ट्यूबवाल्या चाकांत हाच धोका लॉक रिंगचा. नीट न बसलेली रिंग उडाली तर काय होतं, हे कुठल्याही जुन्या पंक्चरवाल्याला विचारा.

अमेरिकेत कामगार सुरक्षेच्या ‘ओशा’ संस्थेने लॉक रिंगवाल्या चाकांसाठी १९८० मध्ये आणि एकसंध डिस्कसाठी १९८४ मध्ये नियम केले. त्यातल्या मुख्य गोष्टी साध्या आहेत: हवा भरताना चाक पोलादी पिंजऱ्यात किंवा भक्कम आडोशामागे हवं, व्हॉल्व्हला क्लिपने बसणारा नोझल हवा आणि माणसाला लांब उभं राहता येईल एवढी होज हवी. म्हणजे हाताने धरून बसायची गरजच नाही. आपल्याकडे रस्त्याकडेला पिंजरा क्वचित दिसतो. कुणी चाकाला साखळी गुंडाळतं, कुणी रिंगची बाजू खाली करतं. काहीच नसण्यापेक्षा बरं, पण तो पिंजरा नव्हे.

स्वतः करायचंच असेल तर ऑनलाइन कार्टमध्ये ब्लास्टरबरोबर क्लिपवाला नोझल, लांब होज आणि प्रेशर गेजही टाका. टाकीला सेफ्टी व्हॉल्व्ह नसेल तर ती घेऊच नका. कड बसल्यावर २० पीएसआयला थांबा. डिस्कला लागून टायरवर एक बारीक गोल रेघ असते, ती सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. साइडवॉलवर फुगवटा दिसला किंवा तार तुटल्यासारखा टिकटिक आवाज आला तर जवळ जाऊन हात लावू नका, लांबूनच हवा सोडा. योग्य दाबाच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी हवेवर पळालेला टायर असेल तर तो घरी भरायचा विषय सोडून द्या, पिंजरा असलेल्या दुकानात न्या.

आणि शूटिंग करणाऱ्यांसाठी. टायर बसतानाचा सगळ्यात भारी अँगल साइडवॉलच्या अगदी समोरून मिळतो, म्हणजे स्फोटाच्या सरळ रेषेत. टायर आडवा असेल तर ती रेषा वर जाते, आणि वरून वाकून मोबाइल धरणारा हमखास कुणीतरी असतोच. फोन स्टँडला लावा आणि तुम्ही टायरच्या नक्षीच्या बाजूला, लांब उभे राहा.