विश्लेषण : समुद्रावरच्या हेलिकॉप्टरना खारा वारा का बाधतो?

दापोलीच्या हर्णै बंदरात नौकांच्या साखळ्या आणि घरांवरचे पत्रे पाहता पाहता गंजतात. हाच खारा वारा बुडत्या नौकेच्या मदतीला धावणाऱ्या हेलिकॉप्टरलाही सोडत नाही. म्हणूनच ‘ध्रुव’ हेलिकॉप्टरचा प्रश्न किनारपट्टीच्या जिव्हाळ्याचा आहे.

‘ध्रुव’चे काय झाले?
५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदर येथे तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघांचा मृत्यू झाला. ‘स्वॉशप्लेट’ हा भाग तुटल्याचे तपासात आढळले. वैमानिकाची आज्ञा फिरत्या पात्यांपर्यंत पोहोचवणारा हा भाग निकामी झाला, की हेलिकॉप्टरवरचा ताबाच सुटतो. सैन्यदलांची सुमारे ३३० ‘ध्रुव’ जमिनीवर ठेवण्यात आली. मे महिन्यात लष्कर व हवाई दलाच्या हेलिकॉप्टरना उड्डाणाची मुभा मिळाली. नौदल आणि तटरक्षक दलाची त्यानंतरही थांबून राहिली.

गंज आणि थकवा यांचा संबंध काय?
अपघाताचे खापर गंजावर फोडता येणार नाही. मात्र सागरी हेलिकॉप्टरवर दुहेरी ताण असतो. पात्यांच्या सततच्या कंपनांमुळे धातू ‘थकतो’ आणि बारीक तडे जातात. मिठामुळे पृष्ठभागावर पडलेल्या खड्ड्यांतून असे तडे लवकर सुरू होतात. अॅल्युमिनियमच्या भागात पोलादी बोल्ट बसवलेला असेल आणि मधे खारे पाणी शिरले, तर अॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. हा गंज तांबडा नसतो; पांढरी भुकटी किंवा रंगाला आलेला फुगवटा हीच त्याची खूण.

तपासणी कशी होते?
समुद्रावरून परतल्यावर हेलिकॉप्टर गोड्या पाण्याने धुतात, इंजिनही आतून धुतात आणि सांध्यांवर गंजरोधक फवारतात. डोळ्यांना न दिसणारे तडे शोधण्यासाठी रंगद्रव्य, एडी करंट आणि अल्ट्रासाउंड चाचण्या होतात. तपासणीची वेळ केवळ उड्डाणाच्या तासांवर ठरवून चालत नाही. हेलिकॉप्टर उभे असले तरी गंज थांबत नसल्याने दिवसांचाही हिशेब ठेवावा लागतो.

कोकणाला याचे काय?
रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाच्या ताब्यात आहे. वादळात किंवा नौका भरकटल्यावर हेलिकॉप्टर काही मिनिटांत जे अंतर कापते, त्याला जहाजाला काही तास लागतात. तपासणीत कुचराई झाली तर वैमानिकांचा जीव धोक्यात येतो आणि हेलिकॉप्टर जमिनीवर राहिले तर मच्छीमारांचा. त्यामुळे देखभाल हा सुटकेच्या कामाचाच पहिला टप्पा ठरतो.