आला एक फेल डिटेक्टिव्ह!

छताचा पंखा गरगर फिरतोय. पंख्याला एक भडक टाय अडकलाय. खाली जमिनीवर एक मिशीवाला माणूस नुसत्या अंडरवेअरवर पडलाय. खोलीभर बाटल्या, खिडकीची काच फुटलेली. त्याला स्वतःचं नाव आठवत नाही. आपण कुठल्या शहरात आहोत, हेही आठवत नाही. हळूहळू कळतं की हा माणूस पोलीस डिटेक्टिव्ह आहे. ज्या लॉजमध्ये तो पडलाय, त्याच्याच मागच्या अंगणात झाडाला एक प्रेत कित्येक दिवसांपासून लटकतंय. ते खाली उतरवून तपास करायलाच त्याला पाठवलं होतं. तेवढं सोडून बाकी सगळं त्याने केलेलं दिसतंय.

'डिस्को एलिझियम' नावाच्या गेमची ही सुरुवात. मंगळवारी, १५ ऑक्टोबर २०१९ला, तो विंडोज कम्प्युटरवर आला आणि मी त्या तारखेला कॅलेंडरवर गोल करून बसले होते. २०१६मध्ये हा गेम जाहीर झाला, तेव्हा त्याचं नाव 'नो ट्रूस विथ द फ्युरीज' होतं. २०१८मध्ये ते बदललं. ज्यांना आधी थोडा खेळायला मिळाला, त्यांनी लिहिलेलं मिळेल तेवढं वाचून झालं होतं. त्यातला माझा आवडता किस्सा त्या टायचाच. पंख्यावरचा टाय ओढायला गेलात आणि दान उलटं पडलं, तर हिरोला चक्क हार्ट अटॅक येऊ शकतो. गेम ओव्हर. तपास राहिला बाजूला, तुम्ही अजून खोलीबाहेरही पडला नव्हता!

डिटेक्टिव्ह म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कोण येतं? होम्स, ब्योमकेश, फेलुदा, झालंच तर टीव्हीवरचे एसीपी प्रद्युम्न. ही मंडळी शेवटी बरोबरच असतात. आपल्या पिढीने 'सीआयडी' बघत बघत ताटातली भाजी संपवली आहे, त्यामुळे दयाने लाथ मारली की दरवाजा पडतो हे आपल्याला गुरुत्वाकर्षणाइतकं पाठ आहे. आता जरा कल्पना करा. दया लाथ मारतो, दरवाजा जागचा हलत नाही, उलट दयाचाच पाय मुरगळतो आणि आतून आवाज येतो, 'कोण आहे?' पुढची सगळी चौकशी दयाला लंगडत करायची आहे. मला हा दुसरा सीन बघायला जास्त आवडेल. 'डिस्को एलिझियम' असल्याच सीन्सचा बनलेला असावा, असं रिलीजआधीच्या माहितीवरून तरी वाटत होतं.

रोल-प्लेइंग गेम खेळणाऱ्यांना पॉइंट वाटण्याचा प्रकार नवा नाही. तलवारीला इतके, जादूला इतके, ताकदीला इतके. इथेही पॉइंट वाटायचे आहेत, पण ते हिरोच्या डोक्यात. बुद्धी, मन, शरीर आणि हालचाल असे चार गट, प्रत्येकात सहा, म्हणजे एकूण २४ स्किल्स. ही स्किल्स नुसते आकडे बनून कोपऱ्यात गप्प बसत नाहीत, बोलतात. तुम्ही एखाद्या साक्षीदाराशी बोलत असता आणि मध्येच 'लॉजिक' सांगतं की याच्या बोलण्यात मेळ नाही. 'ड्रामा' कुजबुजतो, तूही एक थाप मार ना. 'एम्पथी'ला त्या माणसाचं दुःख दिसतं. 'एन्सायक्लोपीडिया' नको तेव्हा नको ती माहिती पुरवतो. (हा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.) 'इलेक्ट्रोकेमिस्ट्री' फक्त पुढचा पेग आणि पुढची सिगरेट एवढ्यावर लक्ष ठेवून असते. आणि 'इनलँड एम्पायर' वाढवलंत, तर निर्जीव वस्तूही तुमच्याशी बोलायला लागतात.

मला यातली खरी आयडिया अशी वाटते की हे आवाज हुशार असले तरी विश्वासू नाहीत. एखादं स्किल जास्त वाढवलं की ते डोक्यावर बसतं. 'लॉजिक'ला स्वतःच्या हुशारीचा एवढा माज, की कोणी जरा स्तुती केली की ते गंडतं. म्हणजे आजवर गेममध्ये पॉइंट वाढवले की आपण बिनधास्त होत होतो, इथे पॉइंट वाढवले की जपून राहायचं. शिवाय 'थॉट कॅबिनेट' नावाचं विचारांचं एक कपाट आहे. डोक्यात आलेला एखादा विचार त्यात ठेवायचा आणि तो मुरेपर्यंत वाट बघायची. मुरताना त्रास होतो, आणि मुरल्यावर त्याचा फायदा होणार की तोटा हे आधी कळत नाही. लोणच्यासारखं म्हणा, फक्त बरणी उघडेपर्यंत आंबा आहे की मिरची हेच माहीत नाही.

मारामारीसाठी वेगळा स्क्रीन नाही. गोळीबार असो नाहीतर माफी मागणं, सगळं संवादातून आणि दोन फाशांवर. फाशांच्या बेरजेत तुमचं स्किल मिळवायचं आणि समोरच्या आकड्याशी तुलना करायची. दोन्ही सहा पडले तर काम होणारच, दोन्ही एक पडले तर कितीही तीस्मारखां असा, आपटणारच. काही प्रयत्न पुन्हा करता येतात, काही आयुष्यात एकदाच.

इथे मी अडकले. गेममध्ये हरलं की आपण काय करतो? लोड. पाच मिनिटांपूर्वीचा सेव्ह उघडायचा आणि झालं गेलं पुसून टाकायचं. गेमनी आपल्याला ही सवय लावली आहे, कारण बहुतेक गेममध्ये हरण्याच्या पुढे काही लिहिलेलंच नसतं. हरलात की पडदा काळा होतो, म्हणून परत जायचं. माझ्या ओळखीतला एक जण सध्या एमपीएससीचा तिसरा अटेम्प्ट देतोय. नातेवाइकांच्या लेखी त्याचा पडदा दुसऱ्या निकालालाच काळा झाला. तो मात्र रोज सकाळी उठतो, अभ्यासिकेत जातो, संध्याकाळी चहा पितो, जोक मारतो. दोन निकालांच्या मधल्या त्या दिवसांत भरपूर काही घडत असतं. पण त्याची गोष्ट कोणी विचारत नाही. सक्सेस स्टोरीला पान मिळतं. (आमच्या पुरवणीतही, मान्य.)

'डिस्को एलिझियम' बनवणाऱ्यांचा दावा असा की चुकीचं दान पडलं तरी गोष्ट थांबत नाही, दुसऱ्या बाजूने पुढे जाते आणि कधीकधी जास्त मजेशीर होते. तो खरा असेल, तर माझ्यासाठी ती ग्राफिक्सपेक्षा मोठी बातमी आहे. तसे ग्राफिक्सही बघण्यासारखे आहेत. अलेक्झांडर रोस्तोव या चित्रकाराच्या देखरेखीखाली सगळं जग तैलरंगात रंगवल्यासारखं दिसतं. चेहरे तर ब्रशचे फटकारे मोजता येतील असे. ट्रेलर म्यूट करून बघा.

हे लोक आहेत कोण? स्टुडिओचं नाव झाउम, मूळ एस्टोनियाचा. युरोपच्या उत्तरेकडचा, जेमतेम १३ लाख लोकांचा देश. १९९१पर्यंत सोव्हिएत संघात होता. मुख्य लेखक रॉबर्ट कुर्विट्झ हा कादंबरीकार. मित्रमंडळी जमवून कागद आणि फासे घेऊन हे लोक वर्षानुवर्षं एक काल्पनिक जग खेळत होते. त्याच जगावर कुर्विट्झने २०१३मध्ये एस्टोनियन भाषेत कादंबरी लिहिली. नावाचा अर्थ साधारण 'पवित्र आणि भयंकर गंध' असा. ती फारशी खपली नाही. मग तेच जग घेऊन ही मंडळी गेमकडे वळली, तीही इंग्रजीत. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्याला हे वाचून जरा टोचतंच. १३ लाखांच्या देशातल्या लेखकाने काय करायला हवं होतं, हे मी कोण सांगणार? पण आपल्या भाषेत पुस्तक पडून राहिलं म्हणून त्याने ते जग फेकून दिलं नाही, एवढं मला महत्त्वाचं वाटतं. हिरोसारखाच लेखकही पहिल्या दानात आपटलेला आहे.

गेम जिथे घडतो ते रेवाशोल शहरही हरलेलं आहे. तिथे पूर्वी क्रांती झाली, बाहेरच्या देशांनी ती चिरडली, आणि भिंतींवर गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. मार्टिनेज नावाच्या बंदरालगतच्या वस्तीत संप चालू आहे. एका बाजूला युनियन, दुसऱ्या बाजूला कंपनी आणि मधोमध ते झाड. खून कोणी केला या प्रश्नाआधी तिथे प्रश्न असा आहे, की शहर कोणाचं. मुंबईत गिरण्यांच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्यांना हा प्रश्न परका वाटू नये.

यात हिरोची राजकीय मतंही तुम्ही दिलेल्या उत्तरांतून घडत जातात म्हणे. डावं बोललात, उजवं बोललात, 'दोन्ही बाजू बरोबर' असं गुळमुळीत बोललात, तरी गेम लक्षात ठेवतो. २१ ऑक्टोबर २०१९ला विधानसभेचं मतदान होतं, न्यूजरूममध्ये इंटर्न म्हणून माझं काम तेव्हा सभांच्या बातम्या टाइप करणं. कोण काल काय बोललं होतं, याची आठवण ठेवणारं एखादं यंत्र इथेही हवं होतं, असा विचार मनात येतो. असो, हा विषय मोठ्यांच्या पानावरचा.

'गेम' हा शब्द उच्चारला की २०१९मध्ये घरोघरी एकच चर्चा होती, पब्जी. गुजरातमधल्या काही शहरांत मार्चमध्ये त्यावर बंदी आली, पोरांना अटकही झाली. मुंबई हायकोर्टात बंदीसाठी याचिका आली. मला पब्जीशी भांडण नव्हतं, मीही खेळायचे. वैताग येतो तो 'गेम म्हणजे गोळ्या झाडणं' या समजुतीचा, कारण मग असं काही बनतंय याची दखलच घेतली जात नाही. 'तरुण वाचत नाहीत' म्हणणाऱ्यांना तर मी मुद्दाम सांगेन, या गेममध्ये दहा लाखांच्या आसपास शब्द आहेत म्हणतात. अख्खा गेम म्हणजे वाचन.

तेच माझ्या भीतीचं पहिलं कारण. दहा लाख शब्द चांगले असतात असं थोडंच आहे? स्वतःच्या हुशारीवर फिदा झालेले लेखक आपण लिटफेस्टमध्ये बघतो की. दुसरी भीती दारूची. भूल पडलेला दारुड्या ट्रेलरमध्ये हसवतो, पण पूर्ण गेमभर तो फक्त जोक बनून राहिला तर मला नको आहे. दारूने घर बसलेलं ज्यांनी जवळून पाहिलंय, त्यांना त्या फुटक्या खिडकीत हसण्यासारखं फार दिसणार नाही. आशा एवढीच की सोबत लेफ्टनंट किम कित्सुरागी आहे. नारिंगी जॅकेट, वही, चष्मा आणि प्रचंड पेशन्स. हिरोने माती खाल्ली की समोर एक शहाणा माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे बघून आपल्याला लाज वाटते. असं असेल तर जमलं.

आणि हाइपचं म्हणाल, तर २०१६चा 'नो मॅन्स स्काय' कोण विसरेल? रिलीजआधी आकाश दाखवलं होतं, हातात आलं तेव्हा अर्ध्या गोष्टी जागेवर नव्हत्या. म्हणून प्री-ऑर्डर वगैरे करू नका, असंच मी सांगत होते. पहिल्या दोन दिवसांत रिव्ह्यू येणार होते. त्यात एकच गोष्ट शोधायची होती: हरण्याचा रस्ता जिंकण्याच्या रस्त्याइतक्याच मायेने लिहिलाय का? तिथे नुसतेच दोन फुटकळ जोक टाकून दिले असतील, तर कितीही सुंदर पेंटिंग असो, मी पैसे वाचवणार होते.

आमच्या ग्रुपमध्ये मात्र रिलीजआधीच भांडणं लागली होती. नियम ठरला होता: टाय सोडून बाकी कुठेही लोड मारायचं नाही, जे पडेल ते दान. एक जण सगळे पॉइंट शरीराला देऊन दरवाजे तोडणार होता. मैत्रीण 'एम्पथी' म्हणत होती. मी 'एन्सायक्लोपीडिया' म्हटल्यावर सगळे एकदम माझ्याकडे बघून हसले.