देवणीकरांनो, माळवदावरची माती उतरवा

देवणी, वलांडी, बोरोळ आणि भोवतालच्या वाड्या-वस्त्यांवरच्या माझ्या माणसांनो,

मृग लागायच्या आधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायची आपली रीत. घर गळू नये म्हणून आज्यानं थर दिला, बापानं दिला, आपणही देतो. जुना थर मात्र कोणी खाली उतरवत नाही. आज एवढं करा. वर चढा, कडेला पहार रोवा आणि माती किती जाड झाली ते बघा. दहा बाय दहाच्या खोलीवर फूटभर माती असली, तर चार टनांहून जास्त ओझं होतं. त्याच खोलीत तुमची लेकरं झोपतात.

30 सप्टेंबर 1993. गणपती बोळवून माणसं नुकती निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि हजारो जीव स्वतःच्याच घरात गाडले गेले. पुढं अभियंते आले, त्यांनी ढिगारे तपासले. त्यांना आढळलं ते तीन वाक्यांत सांगता येतं. भिंती दोन-तीन फूट जाड होत्या, पण त्या एकसंध नव्हत्या. आतली रांग वेगळी, बाहेरची वेगळी, मधे माती आणि दगडाच्या चिपा. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आरपार दगडच नव्हता, म्हणून धक्क्यासरशी रांगा सुटल्या आणि भिंतींचे दगड व छपराची माती माणसांवर कोसळली.

हे कळायला पदवी लागत नाही. तुमच्या गवंड्याला विचारा, त्याला लगेच पटेल. नवी दगडी भिंत बांधत असाल तर उंचीत दर दोन फुटांवर आणि लांबीत दर चार फुटांवर आरपार दगड घाला. भिंत दीड फुटाहून जाड करू नका. जुन्या भिंतीतही हे जमतं. एखादा दगड काढून त्या भोकात सळई आणि काँक्रीट भरायचं. भूकंपानंतरच्या दुरुस्तीत गावोगाव हे काम झालेलं आहे. माळवदावरची माती उन्हाळ्यात, सगळीकडून सारखी उतरवा. पातळ थर ठेवा, मधे प्लास्टिकचा जाड कागद अंथरा. घर गळणार नाही.

पण तेव्हाचे गवंडी थकले. तेव्हाची प्रात्यक्षिकं नव्या पिढीनं पाहिलेली नाहीत. संशोधन झालं ते बहुतेक इंग्रजी निबंधांत आणि अहवालांत राहिलं. ज्याच्या भिंतीवर ते लिहिलं गेलं, त्याच्या दारापर्यंत ते आलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. 1993 साली सरकारी नकाशात किल्लारी सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती. 2002 च्या नकाशात ती तिसऱ्या पट्ट्यात गेली. तुम्हाला हे कोणी येऊन सांगितलं का?

आणि जमीन गप्प बसलेली नाही. 2022 मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज आले, हलके धक्के बसले. 2024 च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. त्या मार्चमध्ये नांदेडच्या प्रशासनानं लोकांना एक साधी गोष्ट सांगितली: पत्र्यावर आधाराला ठेवलेले दगड काढून घ्या. शास्त्र असं सांगायला हवं. ऐकणाऱ्याला त्याच दुपारी करता येईल असं.

तुमच्याही पत्र्यावर दगड असतील. काढा. पत्रा आकड्यांनी आवळून घ्या. शेजारी म्हातारी एकटी राहत असेल, तर तिच्याही पत्र्यावर चढा.

मोबाइलवर ‘आज रात्री भूकंप’ असा निरोप आला तर पुढं पाठवू नका. भूकंपाची वेळ जगात कोणालाच आधी सांगता येत नाही. 1992 मध्ये किल्लारीला लहान धक्के बसत होते, माणसं घाबरून बाहेर झोपत होती. धक्के थांबले आणि माणसं त्याच भिंतींच्या आत परत गेली. म्हणून तारखेची वाट बघू नका, भिंत बघा.

सरपंचांनो, सदस्यांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. घरकुलाच्या प्रत्येक घराला जोत्यावर आणि दारा-खिडक्यांच्या वर सलग काँक्रीटचा पट्टा असल्याशिवाय काम पुरं झालं असं मानू नका. पट्टा घालताना स्वतः जाऊन उभे राहा. ठराव करून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला पत्र पाठवा: तुमचे भूशास्त्राचे प्राध्यापक आमच्या गावी पाठवा.

आणि प्राध्यापकहो, या! आमच्या आठवडी बाजारात या, आमच्या बोलीत बोला. प्रा. सी. व्ही. आर. मूर्ती यांनी आयआयटी कानपूरमधून चित्रांसह सोप्या भूकंप-टिपा लिहिल्या, तशी चित्रं आमच्या चावडीवर लावा. तहसीलदारांना अहवाल देताना वर एक पान मराठीत जोडा: कुठली घरं, काय दुरुस्ती, किती खर्च.

गुरुजी, बाई, उद्या मुलांना एक अभ्यास द्या. आपल्या घराची भिंत किती जाड, छप्पर कशाचं, माती किती इंच, हे वहीत लिहून आणायचं. त्या वह्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या टेबलावर ठेवा. गावातलं कुठलं घर आधी दुरुस्त करायचं, ते त्यातच दिसेल.