तारुण्याची सुई टोचण्यापूर्वी

‘एपिटॅलॉन’चे इंजेक्शन घेतल्यास म्हातारपण लांबते, असा सध्या बोलबाला आहे. हे चार अमिनो आम्लांचे कृत्रिम पेप्टाइड. सेंट पीटर्सबर्गचे शास्त्रज्ञ व्लादिमीर खाविन्सन यांनी त्यावर दीर्घकाळ संशोधन केले. पेशींचे विभाजन होताना गुणसूत्रांची टोके झिजत जातात. प्रयोगशाळेतील मानवी पेशींत एपिटॅलॉनने ही टोके लांबल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षीच्या दुसऱ्या प्रयोगात मात्र मादी उंदरांचे सरासरी आयुष्य वाढले नाही. शेवटी उरलेल्या दहा टक्क्यांचेच १३.३ टक्क्यांनी वाढले.

पेप्टाइड म्हणजे थोतांड नव्हे. मधुमेह्यांना जगवणारे इन्सुलिनही ५१ अमिनो आम्लांचे पेप्टाइडच. पण ते माणसांवर पारखलेले आहे. एपिटॅलॉनने माणूस जास्त जगतो, हे सिद्ध करणारी मोठी चाचणी नाही. शिवाय टोके लांबवणारे टेलोमरेज हे विकर बहुतेक कर्करोगांच्या पेशीही वापरतात, हे विसरून चालणार नाही.

इंटरनेटवर विकल्या जाणाऱ्या अशा बाटल्यांवर अनेकदा ‘फक्त संशोधनासाठी’ असे छापलेले असते. ती टोचून घेणे म्हणजे पदरचे पैसे खर्चून प्रयोगाचा उंदीर होणे! वाचकहो, तंबाखू सोडा, रोज चाला, रक्तदाब आटोक्यात ठेवा. यांचा गुण माणसांत दिसून आलेला आहे.